‘डिस्चार्ज’ला मराठी शब्द कोणता? : ‘तलवार’वरील कागदपत्रांचे एक वाचन

१

नौदलाच्या पत्रव्यवहारात ‘डिस्चार्ज’ हा शब्द जितक्या सहजतेने येतो, तितक्या सहजतेने तो मराठीत उतरत नाही. याचे कारण मराठीत त्यासाठी शब्द नाही हे नसून, एकाऐवजी अनेक शब्द आहेत हे होय. मुदत पुरी करून सन्मानाने घरी जाणाऱ्याची ‘मुक्तता’ होते. वय झालेला ‘निवृत्त’ होतो. दोष ठेवून काढलेला ‘बडतर्फ’ होतो. जुन्या दप्तरांत याखेरीज ‘रुखसत’ आहे, ‘दूर करणे’ आहे. आणि बोलीत तर ‘नाव कमी केले’ एवढ्यावर भागते. इंग्रजी शब्द या सर्वांवर एकच पांघरूण घालतो. खलाशी हसत घरी गेला की पोलिसांच्या पहाऱ्यात गेला, हे त्या शब्दावरून कळत नाही. ते कळण्यासाठी त्याच्या पुढेमागे लिहिलेली विशेषणे पाहावी लागतात. भाषांतरकाराला मात्र ही सोय नाही. मराठी शब्द उचलताच त्याला निवाडा द्यावा लागतो.

१९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशांनी जे केले त्याविषयीच्या कागदपत्रांचा विचार करताना ही अडचण पदोपदी जाणवते. त्या घटनेला ‘बंड’, ‘संप’ की ‘उठाव’ म्हणावे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या मोठ्या शब्दांच्या वादात एक लहान शब्द दुर्लक्षित राहिला. खलाशांना सेवेतून सुटका हवी होती, आणि सरकारने शिक्षा म्हणून त्यांना सेवेतून काढले. मागणी आणि शिक्षा यांना कागदोपत्री नाव मात्र एकच होते. हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे. कोणत्या सुटकेला कोणते नाव द्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार एकाच पक्षाच्या लेखणीत होता, आणि त्या अधिकाराची घडण समजून घेतल्याखेरीज या प्रकरणातील कोणताही कागद नीट वाचता येणार नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम स्थळ आणि व्यक्ती. ‘तलवार’ हे नावाने जहाज असले तरी वस्तुतः ती कुलाब्याच्या जमिनीवरील नौदलाची संदेशवहन-शाळा होती. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे तिला जहाजाचेच नाव, जहाजाचीच शिस्त आणि जहाजासारखाच कप्तान असे. २१ जानेवारी १९४६ पासून कमांडर किंग हे तिचे प्रमुख होते. हुद्द्याने ते कमांडर असले तरी अधिकाराने कप्तानच होत. खलाशाचा अर्ज, रजा, शिक्षा आणि सुटका यांवरील पहिला शेरा त्यांचा असे.

‘तलवार’वरील खलाशी सामान्य खलाशी नव्हते. बिनतारी यंत्रणेवर संदेश घेणे व धाडणे हे त्यांचे काम. त्यासाठी ते शिकलेले असत. पुष्कळांना इंग्रजी उत्तम येई. महायुद्धापूर्वी या नौदलात दोन हजारांच्या आसपास माणसे होती. १९४५ पर्यंत ती संख्या तीस हजारांच्या घरात गेली. ही वाढ मुख्यतः तरुणांची होती. त्यांपैकी एक बी. सी. दत्त. बंगालमधील बरद्वान जिल्ह्यातील, १९४१ मध्ये भरती झालेला, १९४६ मध्ये तेवीशीच्या आतबाहेरचा हा तारायंत्री. १ डिसेंबर १९४५ या नौदल-दिनी, ‘तलवार’ नागरिकांना पाहण्यासाठी खुली व्हावयाची होती त्या सकाळी, तिच्या भिंतींवर ‘चले जाव’ आणि ‘इन्किलाब’च्या घोषणा आढळल्या. २ फेब्रुवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी असाच प्रकार झाला, आणि दत्त पकडला गेला. आपण राजकीय कैदी आहोत असा पवित्रा त्याने चौकशीत घेतला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इतरांचे संदेश अचूक पोचविणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांना स्वतःचा संदेश लिहिण्यासाठी भिंत वापरावी लागली. नौदलातील सारा पत्रव्यवहार ज्यांच्या बोटांतून जात होता, त्यांच्या मालकीचा पत्रव्यवहार नव्हता. भिंतीवरील घोषणेला आवक क्रमांक नसतो, तिच्यावर शेरा मारता येत नाही, ती ‘मार्फत’ जात नाही. अधिकाऱ्यांना तिचा एवढा राग का आला याचे उत्तर केवळ तिच्या आशयात नाही; ती कप्तानाच्या टेबलावरून न जाता सर्वांना एकदम वाचावयास मिळाली, यातही ते आहे.

३

भिंतीनंतर अर्ज आला. ८ फेब्रुवारीस किंग यांनी बराकीत शिरून खलाशांना वंशावरून व जन्मावरून अर्वाच्य शिव्या दिल्या. त्यावर चौदा खलाशांनी जे केले ते सर्वस्वी नियमास धरून होते. त्यांनी तक्रार केली, लेखी केली, आणि प्रत्येकाने स्वतंत्र केली.

हा शेवटचा तपशील अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. ब्रिटिश धर्तीच्या नौदल-शिस्तीत अनेकांनी मिळून एकच तक्रार करण्यास मनाई असते. एकत्र सही केलेला अर्ज हाच अपराध ठरू शकतो. म्हणून एकाच घटनेविषयी, एकाच माणसाविरुद्ध, एकाच आशयाचे चौदा वेगळे कागद तयार झाले. सामुदायिक भावना व्यक्तिगत नमुन्यात भरावी लागली. नियमाचा उद्देश समूहाला फोडण्याचा. परंतु चौदा वेळा लिहिली गेलेली एकच गोष्ट वाचणाऱ्याला समूहाचाच आवाज ऐकू येतो. अर्जाच्या नमुन्याने जे दडवावयाचे ते त्या नमुन्याच्या पुनरावृत्तीने उघड केले.

हे अर्ज लेफ्टनंट कमांडर शॉ या दुय्यम अधिकाऱ्यामार्फत वर गेले. वर म्हणजे कोणाकडे? किंग यांच्याकडेच. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर ती पोचणे हा या व्यवस्थेतील अपघात नव्हता. ‘योग्य मार्ग’ या शब्दाचा अर्थच तो होता. शॉ यांनी प्रकरणाचे गांभीर्य वरिष्ठांच्या कानी घातले असताही ते तातडीने हाती घेतले गेले नाही. खलाशांचे किरकोळ अर्ज ऐकण्याचा जो साप्ताहिक दिवस असे त्या दिवशी, म्हणजे १६ फेब्रुवारीस, त्या चौघादहांना उभे करण्यात आले. आणि वरिष्ठाविरुद्ध खोटी तक्रार करणे हा गंभीर अपराध असल्याची समज देऊन त्यांना फेरविचारासाठी मुदत देण्यात आली.

ही समज म्हणजे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर होय. वरवर पाहता तिच्यात गैर काही नाही. नियमात ती तरतूद होती, मुदत दिली हे औदार्यही म्हणता येईल. परंतु शब्दांची जागा पाहिली म्हणजे अर्थ पालटतो. तक्रारदार आत शिरताना तक्रारदार होता. बाहेर पडताना तो संभाव्य आरोपी झाला होता. ज्याने उत्तर द्यावयाचे त्याने प्रश्न विचारला. एका वाक्यात फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल झाली, आणि ती अदलाबदल करणाऱ्यास त्यासाठी कोणताही नियम मोडावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी, १७ फेब्रुवारीस, खलाशांनी जेवण नाकारले. १८ रोजी ‘अन्न नाही, काम नाही’ ही घोषणा झाली आणि ‘तलवार’वरील सुमारे अकराशे खलाशी संपावर गेले.

शिव्या ८ तारखेच्या, संप १८ तारखेचा. या दहा दिवसांचा हिशेब मागितला तर असे दिसते की खलाशांनी ते दिवस कागदावर विश्वास ठेवून काढले. अपमानाने संप झाला हे खरे. पण अपमानाची दाद मागण्याच्या रीतीनेच त्या अपमानावर शिक्कामोर्तब केले, हे त्याहून अधिक खरे आहे.

४

दाद मागणे साधत नाही तर सेवा सोडावी, असा एक तिसरा मार्ग सुचतो. तो त्या काळीही सुचविला गेला, आणि सुचविणारा आवाज लहान नव्हता. खलाशांच्या कृतीविषयी नापसंती व्यक्त करताना महात्मा गांधींनी असा प्रश्न केला की, सेवा त्यांना किंवा देशाला अपमानास्पद वाटत असेल तर त्यांनी तीत का राहावे? असहकाराच्या तत्त्वज्ञानात हा प्रश्न पूर्ण सुसंगत आहे. अरुणा असफ अली यांनी त्याचा प्रतिवाद केला. जे काँग्रेसजन स्वतः विधिमंडळांत जाऊ पाहतात त्यांनी खलाशांना नोकरी सोडण्याचा उपदेश करणे शोभत नाही, असा त्यांच्या प्रतिवादाचा रोख होता.

हा वाद नीतीच्या पातळीवर झाला आणि त्या पातळीवर दोन्ही बाजूंना वजन आहे. परंतु कागदाच्या पातळीवर एक वस्तुस्थिती आहे. राजीनामा देऊन पाहिला गेला होता. दत्त यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी आठवणींत आर. के. सिंग या सहकाऱ्याची हकीकत दिली आहे. संपापूर्वीच सिंग याने राजकीय निषेध म्हणून आपला राजीनामा लिहून दिला. अधिकाऱ्याने राजीनामा देणे समजण्यासारखे होते. खलाशाने देणे हे त्या व्यवस्थेत अश्रुतपूर्व होते. कप्तानापुढे उभा केल्यावर त्याने डोक्यावरील टोपी काढून जमिनीवर फेकली आणि तिला लाथ मारली. त्याची रवानगी आर्थर रोड तुरुंगात झाली.

सिंगची ही कृती नाट्यमय आहे म्हणून ती स्मरणात राहते. पण तिचे मर्म तिच्या आधीच्या कागदात आहे. खलाशाच्या राजीनाम्यासाठी नमुनाच नव्हता. त्याला सोडता येत असे, पण तो सोडू शकत नसे. ‘डिस्चार्ज’ ही खलाशाची क्रिया नव्हे. ती त्याच्यावर होणारी क्रिया आहे. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर खलाशी या वाक्यात कर्ता होऊच शकत नाही, तो सदैव कर्मच. सिंगने कर्ता होण्याचा यत्न केला. कागद स्वीकारला गेला नाही तेव्हा त्याने टोपीची भाषा वापरली. गांधींच्या प्रश्नातील नैतिक सामर्थ्य मान्य करूनही असे म्हणावे लागते की, सेवा सोडण्याचे जे दार त्यांनी दाखविले ते आतून उघडणारे नव्हते.

याच संदर्भात ब्रिटिश नौदलाचा एक जुना रिवाज उल्लेखनीय ठरतो. तेथे खलाशाला सेवा संपताना जे प्रमाणपत्र मिळे त्याच्या एका कोपऱ्यावर खूण छापलेली असे. वर्तणूक वाईट ठरली किंवा बेअब्रूने काढले गेले तर तो कोपरा कापून टाकावयाचा, अशी सूचना त्या कागदावरच असे. मजकूर न वाचताही पुढचा मालक दुरूनच समजून जाई. आपल्याकडे मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची चाल होती, तिचे येथे स्मरण होते. एकात देहाच्या मृत्यूची सूचना, दुसऱ्यात नावाच्या. तसेच ‘सेवेची यापुढे आवश्यकता नाही’ हा काढून टाकण्याचा इंग्रजी वाक्प्रचार. कोणाला आवश्यकता नाही, का नाही, कधीपासून नाही, या कशाचेच उत्तर त्या वाक्यात नाही. कर्ता लोपलेला आहे, आणि ज्या वाक्यातून कर्ता लोपतो त्यातून जबाबदारीही लोपते.

५

भिंत, अर्ज आणि राजीनामा यांनंतर खलाशांनी लिहिलेला चौथा कागद म्हणजे त्यांच्या मागण्यांची यादी. संप ‘तलवार’पुरता राहिला नाही; तारायंत्री खलाशांनी आपलीच विद्या वापरून बातमी सर्वत्र पोचविली आणि ७८ जहाजे, २० किनारी ठाणी व सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष असलेली मध्यवर्ती संप समिती निर्माण झाली. ‘तलवार’वर किंग यांच्या जागी कॅप्टन इनिगो-जोन्स यांना नेमण्यात आले, तेव्हा खलाशांचे समाधान झाले नाही, त्यांना दुसरा इंग्रज कप्तान नको होता.

या यादीविषयी एक रूढ आक्षेप असा की, तिच्यात मेळ नाही. आझाद हिंद सेनेच्या लोकांची आणि राजकीय कैद्यांची सुटका, इंडोनेशिया व ईजिप्तमधून हिंदी सैन्य परत बोलावणे, किंग यांच्यावर कारवाई, इंग्रज खलाशांबरोबरीचे वेतन, चांगले जेवण, लवकर सेवामुक्ती व पुढे कामधंद्याची सोय, आणि सेवेतून जाताना कपड्यांचा संच परत घेऊ नये, अशा लहानमोठ्या गोष्टी तिच्यात एका ओळीत उभ्या आहेत. न्यायमूर्ती फाझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने, ज्याचा अहवाल जानेवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला, सेवेतील दूर न झालेल्या तक्रारींमुळे पसरलेला असंतोष हे मूळ कारण मानले आणि राजकीय परिस्थितीने तो चिघळल्याचे सांगितले. पुढे राष्ट्रीय दृष्टीच्या लेखकांनी याच्या उलट क्रम लावला. राजकारण मूळ आणि जेवणाच्या तक्रारी निमित्तमात्र. दोन्ही पक्षांनी यादीचे दोन तुकडे केले व आपल्याला हवा तो उचलला.

यादीचा अभ्यास एक लेखन म्हणून केला तर हे विभाजन टिकत नाही. कपड्यांच्या संचाची मागणीच पाहावी. वरवर ती सर्वांत क्षुद्र वाटते. परंतु घरी परतणारा तरुण कोणत्या वेशात गावात पाऊल टाकतो, ही गोष्ट क्षुद्र नाही. ज्या राज्याने भरती करताना गणवेश अंगावर चढविला त्याने युद्ध संपताच तो उतरवून घ्यावा, यात सेवेचा सारा करार उघडा पडतो. माणूस उसना घेतला होता, वापर संपला, वस्तू परत. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची सुटका मागणारा हात आणि अंगावरचा सदरा परत देण्यास नकार देणारा हात एकच आहे. दोन्ही मागण्यांचा प्रश्न एकच : ज्याने सेवा केली त्याची मुक्तता कोणत्या अटींवर आणि कोणाच्या शब्दांत? या दृष्टीने पाहता यादीतील सर्व कलमे ‘डिस्चार्ज’ या शब्दाचाच अर्थ मागत आहेत. व्यक्तीचा, सैन्याचा आणि अखेर देशाचा.

येथे एक विरोध संभवतो. खलाशांनी आपल्या मागण्या एवढ्या विचारपूर्वक गुंफल्या होत्या काय? घाईत, गोंधळात, वेगवेगळ्या लोकांनी सुचविलेली कलमे एकत्र आली असावीत, हेच अधिक संभवनीय. हा विरोध मान्य केला तरी निष्कर्ष बदलत नाही. घाईत लिहिणारा माणूस आपले अनुभव वर्गवारी करून मांडत नाही. ते जसे मनात शेजारी असतात तसेच कागदावर येतात. राजकीय आणि सेवाविषयक असे दोन रकाने चौकशी करणाऱ्यांचे आहेत, भोगणाऱ्यांचे नाहीत.

६

या प्रकरणाला एक स्थानिक संदर्भही आहे. विठ्ठलवाडी, कल्याण, ठाणे या पट्ट्यातील वाचकाला आरमाराचा इतिहास दूरचा नाही. कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी लढाऊ नावा बांधावयास घेतल्या, आणि त्या समुद्रात उतरू नयेत याची चिंता १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात उमटली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आले. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, टाकल्यास व्यापाऱ्यांना उपद्रव होऊन बंदरे मोडतात, यास्तव मुलखातून नेमणूक करून द्यावी, असा त्यातील विचार आहे. त्या राजनीतीत आरमारी माणसाची निष्ठा हा त्याच्या स्वभावाचा गुण मानलेला नाही. ती नियमित नेमणुकीतून आणि धन्याने पाळलेल्या शब्दातून उत्पन्न होते. आज्ञापत्रातील राज्य आधुनिक अर्थाने न्यायी होते असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. परंतु सेवेचा करार दोन्ही बाजूंनी बांधणारा असतो ही कल्पना खलाशांनी परकीयांकडून उसनी घेतली, असे म्हणण्याचे कारण उरत नाही.

मराठी दप्तरांतील ‘कौल’ हा शब्द येथे विशेष उपयोगी पडतो. भय घेऊन पळालेल्या रयतेला, शरण येणाऱ्या शिबंदीला, पुढे उपद्रव होणार नाही असा जो लेखी भरवसा दिला जाई तो कौल. २१ फेब्रुवारीस कॅसल बराकीपाशी गोळीबार झाला. त्याच सुमारास व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नौदलाचा नाश पत्करूनही बंड मोडण्याची धमकी ध्वनिक्षेपित केली. २२ रोजी मुंबईत कडकडीत हरताळ पडला आणि लष्कराच्या गोळ्यांनी दोनशेहून अधिक नागरिक त्या दिवसांत मेले. त्या वेळी सरदार पटेल यांनी खलाशांना शरण जाण्याचा सल्ला दिला आणि कोणावर सूड उगविला जाऊ नये यासाठी काँग्रेस आपली शिकस्त करील असे सांगितले. जिना यांनीही संप मागे घेण्यास सांगितले. २३ च्या पहाटे काळे झेंडे चढले. आपण हिंदुस्थानला शरण जात आहोत, ब्रिटनला नव्हे, असे संप समितीने निरोप घेताना जाहीर केले.

पटेलांचे शब्द कौल होते काय? काटेकोर वाचकाने ‘नाही’ असेच उत्तर द्यावे. त्यांत प्रयत्नांचे वचन आहे, फळाचे नाही. आणि कौल देण्याची सत्ता त्या दिवशी पटेलांच्या हाती नव्हती. परंतु खलाशांनी तो कौल म्हणूनच वाचला, आणि तसा वाचण्यास त्यांना कारण होते. ज्या पत्रव्यवहारात त्यांना कधीच कोणी भरवसा दिला नव्हता, त्याबाहेरून आलेला हा पहिला शब्द होता. बोलणाऱ्याने जेवढे दिले आणि ऐकणाऱ्याने जेवढे घेतले यांतील अंतर हीच या प्रकरणाची शोकांतिका होय. पकडलेल्यांपैकी अनेकांना ठाण्याच्या अलीकडील मुलुंड येथील छावणीत कोंडण्यात आले. पुढे ४७६ जणांना सेवेतून काढण्यात आले असा आकडा दिला जातो. १९४७ नंतर भारताने वा पाकिस्तानने त्यांना नौदलात परत घेतले नाही.

मुलुंडहून निघालेला लोहमार्ग ठाण्यावरून कल्याणला येतो आणि तेथे फुटतो. उत्तरेकडे व बंगालकडे जाणारा फाटा इगतपुरीकडे वळतो, मद्रासकडचा आज जेथे विठ्ठलवाडी स्थानक आहे तेथून पुढे जातो. याच परिसरात महायुद्धाच्या काळात मोठी लष्करी छावणी होती. १९४७ नंतर तीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. एकाच छावणीने प्रथम सैनिक पाहिले, मग घर सुटलेली माणसे. सत्तांतराच्या त्या वर्षांत कोणाला कोठून ‘मुक्त’ केले जात आहे, हे कागदावरून ठरत नव्हते. राज्य मुक्त झाले. राज्यासाठी उभे राहिलेले काही जण मात्र बडतर्फच राहिले.

७

उत्तरकाळाने या कागदांवर काही नवे शेरे मारले आहेत. खलाशांच्या स्मरणार्थ कुलाब्यात स्मारक झाले. भारतीय नौदलाने आपल्या दोन ओढबोटींना मदनसिंग आणि बी. सी. दत्त यांची नावे दिली. नौदलातून गेल्यावर दत्त मुंबईतच पत्रकारितेत आणि नंतर जाहिरात-व्यवसायात स्थिरावले, आणि २००९ मध्ये निधन पावले. जे नाव पटावरून कमी केले होते तेच नाव त्याच नौदलाच्या नौकेच्या कडेला रंगविले गेले. हा सन्मान खरा आहे आणि तो उणा लेखण्याचे कारण नाही. परंतु सन्मान आणि दुरुस्ती या भिन्न गोष्टी आहेत. गौरवाने नाव परत येते. काढून टाकण्याच्या आदेशातील शब्द मात्र त्यामुळे आपोआप बदलत नाही. दत्त आणि मदनसिंग यांची नावे तरी राहिली. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या घरी एक कागद गेला असेल, आणि तो वाचून दाखविणाऱ्याने त्या एका इंग्रजी शब्दाचा काय अर्थ सांगितला असेल, यावर त्यांची गावातील उरलेली प्रतिष्ठा ठरली असेल.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकापुढे दोन कामे आहेत. पहिले वाचनाचे. चौकशी अहवाल, अधिकाऱ्यांचे आदेश आणि खलाशांच्या आठवणी ही परस्परविरोधी साधने मानून त्यांतून ‘सत्य’ निवडण्याची प्रथा अपुरी आहे. प्रत्येक कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलाकडे जाणार होता, तो लिहिणाऱ्याला कोणता नमुना उपलब्ध होता आणि कोणता नव्हता, हे प्रथम पाहिले पाहिजे. चौदा अर्जांचे मोल त्यांच्या मजकुरात जेवढे आहे, तेवढेच ते चौदा असण्यात आहे. सिंगच्या राजीनाम्याचे मोल त्याला उत्तर न मिळण्यात आहे. भिंतीवरच्या अक्षरांचे मोल ती भिंतीवर असण्यात आहे.

दुसरे काम भाषांतराचे, आणि ते अधिक जोखमीचे. ही साधने मराठीत आणताना ‘डिस्चार्ज’ला एक ठराविक प्रतिशब्द योजून सर्वत्र तोच वापरण्याचा मोह होईल; परिभाषा-कोशांच्या दृष्टीने ते सोयीचेही ठरेल. परंतु येथे एकरूपता म्हणजे कप्तानाच्या शब्दाला मराठीत पुन्हा एकदा सही करणे होय. मागण्यांच्या यादीत तो शब्द येतो तेथे ‘मुक्तता’ लिहावे, कारण मागणाऱ्याच्या मनात तेच होते. संपानंतरच्या आदेशात येतो तेथे ‘बडतर्फी’ लिहावे, कारण करणाऱ्याने तेच केले. आणि सिंगच्या बाबतीत, जेथे खलाशाने स्वतःच निघून जाण्याचे ठरविले होते, तेथे इंग्रजीत नसलेला शब्द मराठीत वापरण्यास कचरू नये. त्याने सेवा सोडली. या वाक्याला कर्ता आहे.